वासावरचं मीठ

मी तिच्या घरी राहायला गेले त्या दिवशी तिनं मला दारातच अडवलं. माझ्या खांद्यापाशी नाक आणलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "हे काय फवारून आलीस? जा, नळावर धू. मग किल्ली देते."

बँकेतल्या नोकरीचा पहिला आठवडा, दोन्ही हातांत बॅगा, डोक्यावर सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन, आणि ही बाई मला धुऊन यायला सांगते! मला असा संताप आला की त्याच रिक्षानं परत फिरावं. पण रिक्षा निघून गेली होती. मी अंगणातल्या नळावर मान, हात, सगळं खसखसून धुतलं आणि पुन्हा तिच्यापुढं उभी राहिले. तिनं पुन्हा हुंगलं.

"आता मानसाचा वास यायलाय. कुटली तू?"

"मोडनिंबची."

"बरं. मोडनिंब, जिन्यानं वर जा. डाव्या हाताची खोली तुजी."

मी माझं नाव सांगितलं होतं, पण ते तिनं कधी घेतलंच नाही. मी तिथं राहिले तितकी वर्षं मोडनिंबच राहिले. खाली तिच्या खानावळीत जेवणाऱ्यांचीही तीच गत. बार्शीला भाकरी वाढा, करमाळा आज सुट्टीवर हाय, अक्कलकोट लई बडबड करायलंय. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना ती सगळ्यांदेखत "ए माढा" अशी हाक मारायची आणि तेही मुकाट "हं अक्का" म्हणून ताट पुढं करायचे.

आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. साठीच्या पुढची, उंच, काटक. कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर इरकली लुगडं. घरात कानडी, दारात मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घराच्या पुढच्या सोप्यात खानावळ, मागं स्वयंपाकघर, वर आम्ही भाडेकरू. आणि या सगळ्यावर राज्य तिच्या नाकाचं.

मंडईत ती वांगी निरखून बघायची नाही, हुंगायची. भाजीवाल्या तिला लांबून येताना पाहिलं की टोपलीतला शिळा माल खाली सरकवायच्या. दाण्याच्या दुकानात ती मूठभर शेंगदाणे तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "गेल्या सालचं मिसळलंस." दुकानदार शपथा घ्यायचा. ती पिशवी गुंडाळून चालू लागायची. मग तो आतलं दुसरं पोतं सोडायचा. आता ती दर वेळी बरोबरच असायची असं मुळीच नाही. माझ्या चुलत भावाला तिनं एकदा दारू पिऊन आला म्हणून जिन्यावरून खाली पिटाळलं. त्या बिचाऱ्यानं खोकल्याचं औषध घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तावातावानं हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग कमी प्यायचं की." माफी वगैरे प्रकार तिच्या घरात नव्हता.

पण तिच्या नाकाचं खरं काम चुलीपाशी होतं. तिच्या स्वयंपाकघरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काहीही चाखायचं नाही, असा दंडक होता. पोळी-भाकरीचं सोडा, आमटीचा थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही. मग मीठ कसं कळायचं? वासावर. ती उकळत्या आमटीवर वाकायची, वाफ नाकात घ्यायची, चिमूट टाकायची, पुन्हा वाकायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, मिठाला वास नसतो."

"मिठाला कुटं म्हनलं मी? मीठ पडलं की आमटीचा वास बदलतोय. कच्चेपना जातोय. तोंडानं तर कुनीबी सांगंल की."

माझा यावर पुरता विश्वास कधीच बसला नाही. मला अजूनही वाटतं, त्यात निम्मी सवय होती आणि निम्मा तोरा. पण आमटी रोज चोख असायची, एवढं मात्र कबूल करायला हवं. तशी आमटी मी नंतर कुठं खाल्ली नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सोलापूर चिडीचूप झालं तेव्हा अक्काला कणकण आली. घसा खवखवला, अंग दुखलं. तपासणी केली तर तीच बाधा निघाली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की सौम्य आहे, घरीच राहा, वाफ घ्या, भरपूर झोपा. ती मागच्या खोलीत राहिली, मी दाराबाहेर ताट ठेवत राहिले. ताप दोन दिवसांत उतरला. आजूबाजूला माणसं दवाखान्यात खाटेसाठी फिरत होती, आणि ही तर खोलीत बसून मला सूचना देत होती की पोहे कोरडे झालेत, उद्या पाणी जास्त मार. सुटलो, असं मला वाटलं.

ती बाहेर आली त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी वरच्या खोलीत बसले होते आणि घर पेटलं असं वाटावं इतका करपट वास जिन्यातून वर आला. मी धावत खाली गेले. स्वयंपाकघरात धूर भरलेला. अक्का चुलीपुढं बसून कढईतले दाणे परतत होती. चटणीचे दाणे. शांतपणे. दाणे कोळसा झाले होते.

"अक्का, जळायलंय!"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग कढईकडं पाहिलं. उलथणं खाली ठेवलं. उठली, टोपलीतला एक कांदा घेतला, मुठीनं फोडला आणि नाकाशी धरला. मग लसणाची पाकळी. मग काळ्या मसाल्याचा डबा उघडून त्यात तोंडच घातलं. शेवटी खाण्याच्या मिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"वाळू," ती म्हणाली. "वाळू खाल्ल्यागत लागतंय."

मला रडू आलं. ती मात्र माझ्यावरच उखडली. "रडतीस काय? मेले काय मी? आन हे बाहेर कुनाला बोललीस तर खोली रिकामी करायची. कळलं?"

डॉक्टरांना मी पुन्हा फोन लावला. ते म्हणाले, बऱ्याच जणांना होतंय, सौम्य आजारातही होतंय, बहुतेकांचं परत येतं, कुणाला वेळ लागतो. अक्कानं माझ्या हातून फोन ओढून घेतला. "सौम्य म्हनं! घरातलं सगळं धुऊन नेलं आन म्हनं चोर सौम्य होता!" आणि फोन कापला.

तरी डॉक्टरांनी सांगितलेला उपाय तिनं सुरू केला. रोज सकाळी ठरावीक वास घ्यायचे, मन लावून, म्हणजे नाकाला आठवण येते. त्यांनी गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग सांगितलं होतं. "मी काय गुलाबाची भाजी करते?" म्हणून तिनं गुलाब आणि निलगिरी बाद केली, त्यांच्या जागी काळा मसाला आणि तूप आणलं. सकाळी अंघोळ करून ती चार वाट्या पुढं घेऊन बसायची आणि शाळेत मास्तर पोरांना उभं करतो तशी एकेकीला उभी करायची. "बोल की ग लवंगे. तोंड शिवलंय व्हय तुजं?" लवंग बोलायची नाही. मग तिला शिव्या पडायच्या. तूप तर रोज शिव्या खायचं. मी दात घासता घासता जिन्यात बसून ऐकायचे आणि हसू की रडू ते मला कळायचं नाही.

त्या दिवसांत खानावळ बंद होती, पण घरात अडकलेल्या आजारी माणसांसाठी तिनं डबे सुरू केले. डबे पोचवून मी परत आले की विचारायची, "कोन काय म्हनलं?" कोणी काहीच म्हणत नव्हतं. म्हणणार काय! डबा खाणाऱ्या निम्म्या लोकांची जीभ तिच्यासारखीच गेलेली. हे तिच्या ध्यानात आलं त्या दिवशी ती उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "करनारीला वास न्हाई, खानाऱ्याला चव न्हाई. मग मोडनिंब, आपन मसाला कशाला वाया घालवायलोय?" पण मसाला कमी केला नाही.

खानावळ पुन्हा उघडली, शाबूत जिभेची माणसं पाटावर येऊन बसू लागली आणि खरी अडचण उभी राहिली. माझी जीभ होती, पण नैवेद्याआधी चाखायचं नाही. वासावर मीठ घालायचं, तर वास नाही. मी म्हटलं, आता नियम सोडा. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट कोथिंबीर निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ पडायच्या आधीच तिनं वाटीभर आमटी काढली, देवापुढं ठेवली, हात जोडले, आणि परत येऊन मला म्हणाली, "हं, झाला नैवेद्य. आता मी घालते, तू चाख."

"अक्का, देवाला अळणी?"

"नाक त्यानंच नेलं न्हवं? मग खाऊ दे की त्यालाबी अळणी. माझं नाक दिलं परत, की मीबी मीठ देते."

त्या दिवसापासून तिच्या घरचा देव अळणी जेवू लागला. सणाला पुरणपोळी असली तरी शेजारी अळणी कटाची वाटी. हे तिचं देवाशी उघड भांडण होतं आणि ती ते रोज दोन वेळा भांडायची. बाहेर कुणाला काही कळलं नाही. प्राध्यापक एकदाच म्हणाले, "अक्का, हल्ली आमटी जरा मोडनिंबकडची लागते." तिनं त्यांच्या ताटात तिखट चटणीचा गोळा आपटला.

पण एका ठिकाणी ही युक्ती चालणार नव्हती, आणि ते ठिकाण तिला जिवापेक्षा प्यारं होतं.

वळसंगच्या पलीकडं तिचं सासर. नवरा गेल्यावर जमीन दिरांनी कसायला घेतली, घरात पुतण्यांचे संसार भरले, तिथं तिचं म्हणावं असं काही राहिलं नाही. राहिला तो एक मान. गावच्या मठात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दासोह असतो, म्हणजे साऱ्या गावाचं जेवण. त्या दिवशीच्या काहिलीतली, म्हणजे भल्या थोरल्या कढईतली, आमटी अक्काच्या सासूनं केली, आणि सासूनंतर अक्कानं. काहिलीत फिरवायचा तो लाकडी पळा त्या दिवशी दुसऱ्या कुणी हातात घ्यायचा नाही. त्या एका दिवसासाठी गाव तिला सांगावा धाडत होतं, वेशीवर घ्यायला येत होतं, वहिनी म्हणत होतं. आणि हा पळा तिला मिळाला होता नाकामुळं. तिथला नैवेद्य स्वामी स्वतः दाखवणार, तोही पूर्ण झालेल्या स्वयंपाकाचा. त्याआधी चाखणं म्हणजे विटाळ. ज्या बाईला वासावर मीठ कळत नाही, तिला काहिलीपुढं उभंच करत नाहीत.

महामारीत बंद पडलेला दासोह पुढच्या वर्षी पुन्हा व्हायचा होता. सांगावा आला.

"अक्का, खरं सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगितलं की पळा गेला. पळा गेला की गाव गेलं. मग मला कोन बोलवायलंय तितं?" आणि लगेच आवाज चढवून, "मी जानार. तू बी चल. गप ऱ्हायाचं."

आदल्या संध्याकाळी तिनं परातीत मीठ ओतलं आणि डोळे मिटून ओंजळी भरल्या. इतक्या वर्षांत काहिलीत किती मीठ पडत आलंय ते तिच्या हातांना ठाऊक असणार, असा तिचा हिशेब. ते मीठ तिनं एका फडक्यात बांधलं आणि लुगड्याच्या ओच्यात खोचलं.

मठाच्या मागच्या अंगणात काहील रटरटत होती. अक्काची धाकटी जाऊ हाताखाली. गरीब स्वभावाची, अक्काला टरकून असणारी. तिथली रीत अशी की अक्का थोडं थोडं मीठ घालणार, वाफ हुंगणार, आणि जमलं की जोरात ओरडणार, "उप्पु हाकिनि!" म्हणजे मीठ घातलं. चाखायची सोय नाही, त्यामुळं या ओरडण्यावरच सगळ्यांचा भरवसा. ती ओरडली की मिठाला पुन्हा कुणी हात लावत नाही.

मी तेव्हा पुढं पत्रावळी मांडत होते, त्यामुळं झालं ते मला नंतर कळलं. जाऊ पाणी आणायला गेली, तेवढ्यात अक्कानं ओच्यातलं फडकं काहिलीत रिकामं केलं. हुंगण्याचं सोंग सगळ्यांसमोर करायचं आणि मग ओरडायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण धूर डोळ्यांत गेला म्हणून ती डोळे धुवायला आडाकडं गेली. जाऊ परतली. मिठाचं पातेलं काठोकाठ भरलेलं, कुणी हात न लावलेलं. नैवेद्याची घाई झालेली. वहिनी विसरल्या, असं समजून तिनं दरवर्षी बघितलेल्या अंदाजानं मीठ घातलं. अक्का आली, काहिलीवर वाकली, वाफ ओढली, ऐटीत मान डोलावली आणि ओरडली, "उप्पु हाकिनि!" जावेला वाटलं, आपलं मीठ अक्कानं पसंत केलं. ती बिचारी खूश झाली.

घंटा वाजली, नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली. प्रसादाला नाव ठेवायचं नसतं, म्हणून कुणी तोंडातून ब्र काढेना. फक्त पाणी, पाणी, अशा हाका सुरू झाल्या. वाढपी पाण्याचे जग घेऊन धावायला लागले. एक म्हातारा डोळे मिटून ओंकार म्हणत घास गिळत होता. शेवटी मठाची व्यवस्था बघणारे अक्काचे चुलत दीर मागच्या अंगणात गेले, त्यांच्यामागून मीही. त्यांनी आमटी बोटानं चाटली आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"मीठ कुनी घातलंय ह्यात?"

जाऊ पुढं आली. "मी घातलं. वहिनींनी घातलं न्हवतं म्हनून..."

"वहिनी वास घेऊन वरडल्या, मी सोता ऐकलं की! त्यांचं नाक चुकतंय व्हय? तूच मागनं घातलंस. सगळ्या गावाच्या तोंडची चव घालवलीस!"

मग सगळेच तिच्यावर तुटून पडले. तिनं पदर तोंडाला लावला. अक्का काहिलीपाशी उभी होती. तिला फक्त गप्प राहायचं होतं. तिचं नाक चुकेल यावर अख्ख्या गावात एकाचाही विश्वास बसला नसता. आणि खरं सांगते, तिनं गप्पच राहावं असं मला त्या क्षणी वाटलं, कारण पळा गेल्यावर तिचं काय होईल ते मला दिसत होतं.

"सुम्निरु!" अक्का गरजली. गप्प बसा.  "तिला कशाला बोलायलाय? मीठ मी घातलं हुतं. चोरून. माझं नाक गेलंय. त्या आजारात गेलं, जीभबी गेली, अजून आलं न्हाई. मगाशी हुंगलं ते नाटक हुतं."

 चुलत दीर म्हणाले, "मग आलातच कशाला? सांगायचं न्हाई व्हय? आता पळा दुसऱ्याला द्यावा लागंल."

"ते मागनं बघू. आदी मानसं जेवायचीत. नाक गेलंय माझं, हात न्हाईत गेले. डाळ चढवा दुसरी, बिनमिठाची. नैवेद्य झालाय, आता चाखायला काय हरकत हाय? तंगी, रडू नगं. मी मिसळते, तू चाख."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. तिनं जावेला असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नवी डाळ शिजली, जुन्या आमटीत मिसळली, जाऊ चाखत गेली, अक्का पळा फिरवत गेली. जेवणं उशिरा झाली पण पोटभर झाली. अक्का एकदाही खाली बसली नाही. मला त्या चुलत दिरांचा असा राग आला होता की मी त्यांना वाढलंच नाही.

सगळं आवरल्यावर स्वामींनी गाभाऱ्यातून नैवेद्याचं ताट बाहेर आणलं. त्यात ती पहिलीच आमटी, दुप्पट मिठाची, भातावर ओतलेली. ते ताट दरवर्षी आमटीचा मान असलेल्या घराण्यातला, म्हणजे अक्काच्या सासरचा, वडीलधारा माणूस खातो. टाकायचं नाही, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, देवानं खाल्लं तसंच खायचं. चुलत दीर मांडी घालून बसले. त्यांनी एक घास घेतला, ठसका लागला, तांब्या तोंडाला लावला. दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ताट पुढं सरकवलं. त्यांच्या भावानं बोट लावून पाहिलं आणि मागं सरला. कुणीतरी हळूच म्हणालं, ओढ्यात सोडून द्यावं.

"देवाचं ताट ओढ्यात सोडताय?" अक्का पुढं आली. "आना हिकडं."

ती भिंतीला टेकून बसली. ताट मांडीवर घेतलं. भात कालवला आणि जेवायला लागली. सावकाश, एकेक घास, रोज खानावळ उरकल्यावर जेवायची तशी. ना पाणी मागितलं, ना तोंड वाकडं केलं. पोरंटोरं भोवती जमली, बायका पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. शेवटचं शीत तिनं बोटानं टिपलं, ताट स्वच्छ पुसलं आणि ते चुलत दिरांच्या पुढं ठेवलं.

"हे ताट संपवनारं आज गावात माझ्याबिगर कोन हुतं, सांगा. मग पळा कुनाला द्यायचा म्हनता?"

 धाकटी जाऊ उठली, तिनं काहिलीतला पळा काढला, आडावर नेऊन धुतला आणि अक्काच्या हातात आणून दिला.